कारखान्यातील कल्याण अधिकारी : कर्तव्ये आणि पात्रता

पाळी सुटण्याच्या सुमारास वेर्णा, कुंडई किंवा पिसुर्ले येथील एखाद्या कारखान्याच्या फाटकापाशी उभे राहिल्यास किती गावांची आणि किती भाषांची माणसे एका छपराखाली राबत असतात याची कल्पना येते. सत्तरी व डिचोली तालुक्यांतून येणारे तरुण, सीमेपलीकडील दोडामार्गाहून रोज ये-जा करणारे कामगार, खानापूर-बेळगावकडून येऊन भाड्याच्या खोलीत राहणारी कुटुंबे, ओडिशा व झारखंडमधून ठेकेदारामार्फत आलेली मुले, आणि जेवणाचा डबा हाती घेऊन बस गाठण्यासाठी झपाझप चालणाऱ्या स्त्रिया. या सर्वांना एक गोष्ट समान असते. नोकरीच्या पहिल्याच दिवशी फाटकाशेजारच्या लहानशा खोलीत बसून त्यांतील प्रत्येकाने दहा-पंधरा कागदांवर सह्या केलेल्या असतात. ते कागद बहुधा इंग्रजीत असतात, आणि नोकरी मिळाल्याच्या आनंदात ते वाचून पाहण्याचे भान कोणास राहत नाही.

या कागदांपैकी एक कागद नामनिर्देशनाचा असतो. कामगाराचे काही बरेवाईट झाल्यास त्याच्या भविष्यनिर्वाह निधीची रक्कम कोणास द्यावी, हे त्यात लिहावयाचे असते. वीस-बावीस वर्षांचा अविवाहित तरुण तेथे थोरल्या भावाचे नाव लिहितो. पुढे विवाह होतो, मुले होतात, आणि पहिल्या दिवशीचा तो कागद फाइलमध्ये तसाच पडून राहतो. वास्तविक भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेनुसार कुटुंब नसताना केलेले असे नामनिर्देशन कुटुंब झाल्यावर रद्द होते व नवे करावे लागते. ग्रॅच्युइटीच्या बाबतीतही हाच नियम आहे. हे ज्याला ठाऊक नाही, त्याची पत्नी दुर्दैवाने विधवा झाल्यास तिला वारसाचे दाखले गोळा करीत कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. निधीशी जोडलेल्या विमा योजनेतून मिळणारी, सात लाख रुपयांपर्यंत जाऊ शकणारी रक्कमही तोपर्यंत अडकून राहते. कारखान्याने वर्गणी भरलेली असते, शासकीय कार्यालयात पैसे जमा असतात, कोणाची लबाडी नसते. लग्नानंतर तो कागद बदलून घे, एवढे त्या तरुणास त्याच्या भाषेत सांगणारा माणूस मात्र कोणी नसतो.

असा माणूस कारखान्यात असावा, तो विशिष्ट शिक्षण घेतलेला असावा आणि त्याची कर्तव्ये नियमाने बांधलेली असावीत, हा विचार आपल्या कायद्यात दीर्घकाळापासून आहे. त्या माणसास ‘कल्याण अधिकारी’ असे नाव आहे. आज ज्यांना सर्रास ‘एच. आर.’ म्हटले जाते, त्या व्यवसायाचे आपल्या देशातील मूळ बऱ्याच अंशी या पदात आहे.

जॉबरकडून अधिकाऱ्याकडे

मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगार भरती करण्याचे काम प्रारंभी मालक किंवा व्यवस्थापक करीत नसत. ते जॉबर करी. कोकण, घाट व देशावरील गावांतून माणसे आणणे, त्यांना साच्यावर उभे करणे, रजा देणे-नाकारणे आणि गरजेला व्याजाने पैसे देणे ही सारी सूत्रे त्याच्याच हाती असत. कामास लागताना व पुढेही कामगाराकडून दस्तुरी घेण्याची चाल पडलेली होती. काम गेले की पुन्हा दस्तुरी देऊनच ते मिळवावे लागे. हा जॉबर कामगारांच्या गावचा व भाषेचा असे हे मात्र विसरता येत नाही. त्याची सत्ता जशी पैशावर होती तशीच ती या ओळखीवरही उभी होती.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली बॉम्बे मिल हॅन्ड्स असोसिएशन स्थापन केली व त्यांच्या प्रयत्नांमुळे १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळू लागली. तथापि भरतीची पद्धत पुढे कित्येक वर्षे बदलली नाही. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात या पद्धतीवर नेमके बोट ठेवले. भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा, त्यासाठी कामगार अधिकारी नेमावा आणि तो थेट प्रमुख व्यवस्थापकाच्या हाताखाली असावा, असे आयोगाने सुचविले. या अधिकाऱ्याच्या अंगी कोणते गुण असावेत हे सांगताना सचोटी व माणसे ओळखण्याची हातोटी यांच्या जोडीने भाषेवरील प्रभुत्वाचाही आयोगाने उल्लेख केला. जॉबरचे जे खरे बळ, ते नव्या अधिकाऱ्याकडे नसेल तर तो केवळ खुर्ची अडवून बसेल, हे आयोगाने जाणले होते असे दिसते.

पुढील घटना वेगाने घडल्या. १९३४ साली मुंबई इलाख्यात औद्योगिक तंट्यांच्या समेटाचा कायदा झाला व त्याअन्वये शासनातर्फे कामगार अधिकारी नेमण्याची सोय झाली. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले. तेच आजचे टाटा समाजविज्ञान संस्थान होय. कामगार कल्याणाचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेली माणसे तेथून बाहेर पडू लागली. स्वातंत्र्यानंतर कारखाने अधिनियम, १९४८ अमलात आला आणि त्याच्या ४९ व्या कलमाने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. कर्तव्ये, पात्रता व सेवेच्या शर्ती ठरविण्याचा अधिकार राज्य शासनांकडे देण्यात आला. खाणींसाठी १९५५ च्या नियमांत अशीच तरतूद झाली. गोव्यात मुक्तीनंतर केंद्रीय कायदे टप्प्याटप्प्याने लागू झाले, त्यांबरोबर हे पदही येथे आले.

पदाचे नाव मात्र एक राहिले नाही. कामगार अधिकारी, कल्याण अधिकारी, कार्मिक अधिकारी अशी स्थित्यंतरे होत होत ते ‘मानव संसाधन’ या शब्दापर्यंत पोहोचले. हा शब्द आपल्याकडे १९७० नंतरच्या दशकात काही मोठ्या उद्योगांतून रुळला. १९८५ साली तर केंद्र शासनाच्या शिक्षण मंत्रालयासही तेच नाव मिळाले व ते २०२० पर्यंत राहिले. लोहखनिज, पाणी व वीज यांच्या पंक्तीला माणूसही एक संसाधन म्हणून जाऊन बसावा, हे मराठी कानाला आजही थोडे खटकते. शिक्षण मंत्रालयास त्याचे जुने नाव परत मिळाले, कारखान्यांत मात्र नवेच कायम आहे. नावाने फारसे बिघडत नाही हे खरे, पण ‘कल्याण’ हा शब्द पाटीवर असे तेव्हा त्या खोलीत कशासाठी जावयाचे हे कामगारास वेगळे सांगावे लागत नसे.

कर्तव्ये

राज्यांनी केलेल्या नियमांत कल्याण अधिकाऱ्याच्या कर्तव्यांची यादी बरीच लांब आहे. उपाहारगृह, विश्रांतिगृह, पाळणाघर, पिण्याचे पाणी व स्वच्छतागृहे यांवर देखरेख ठेवणे. भरपगारी रजेचे नियम कामगारांना समजावून देणे. नव्या कामगारांच्या व शिकाऊ उमेदवारांच्या प्रशिक्षणाबाबत सल्ला देणे. सहकारी संस्था व सुरक्षा समित्या स्थापन होण्यास उत्तेजन देणे. मुलांच्या शिक्षणाविषयी मार्गदर्शन करणे, अशी अनेक कामे त्यात येतात. क्रीडा व करमणूक यांचाही उल्लेख आहे. वार्षिक क्रिकेट सामने व सत्यनारायणाची पूजा यांतच कल्याणकार्याची इतिश्री मानणारी आस्थापने अगदीच विरळ नाहीत, म्हणून त्या भागाची अधिक चर्चा येथे नको.

या साऱ्या यादीचा कणा म्हणता येतील अशी कर्तव्ये दोन आहेत. पहिले, कामगारांची गाऱ्हाणी, मग ती एकट्याची असोत वा समूहाची, व्यवस्थापनाच्या कानावर घालणे व त्यांचे निवारण त्वरित होईल असे पाहणे. दुसरे, कामगारांची बाजू अभ्यासून व्यवस्थापनाचे धोरण ठरविण्यास मदत करणे आणि ठरलेले धोरण कामगारांना समजेल अशा भाषेत सांगणे. म्हणजे हा अधिकारी दोन्ही दिशांनी बोलणारा हवा. केवळ वरून आलेले परिपत्रक फलकावर चिकटविणारा कारकून, किंवा केवळ खालची कुरबूर वर पोहोचविणारा निरोप्या, यांपैकी काहीच नियमांना अभिप्रेत नाही.

गाऱ्हाणे म्हणजे नेहमी मोठा तंटा असतो असे नाही. पगारपावतीत ओव्हरटाइमचे चार तास कमी दिसतात. वास्तविक जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने मिळावयाचा असतो व असे काम कामगाराच्या संमतीनेच घ्यावयाचे असते. रजा किती शिल्लक आहे हे हजेरीपटावरील कारकून सांगत नाही. रात्रपाळी संपते तेव्हा वाळपईकडे जाणारी पहिली बस सुटून गेलेली असते. अशा लहान लहान गोष्टी दोन महिने कोणी ऐकून घेतल्या नाहीत म्हणजे त्यांचा संप होतो, आणि मग संपाची कारणे शोधण्यासाठी समित्या बसतात. बसची वेळ पाहून पाळी पंधरा मिनिटे अलीकडे आणता येईल काय, हा प्रश्न व्यवस्थापकास योग्य वेळी विचारणे हे कल्याण अधिकाऱ्याचे काम. यास फारसा खर्च येत नाही, पण त्यासाठी अधिकाऱ्याने आपल्या खोलीतून उठून पाळी सुटण्याच्या वेळी फाटकापर्यंत चालत जावे लागते.

कागदपत्रांचे काम याहून नीरस वाटते, परंतु कुटुंबाच्या दृष्टीने त्याचेच मोल सर्वाधिक आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत नाव नोंदविलेले असूनही पत्नी व मुलांची नावे चढविलेली नसली, तर मूल आजारी पडल्यावर मडगावच्या विमा रुग्णालयाच्या दारात अडचण उभी राहते. आधार कार्डावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे व कारखान्याच्या नोंदीत तिसरे असले की भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज परत येतो. गोव्यात गावाचे नाव, घराण्याचे नाव व वडिलांचे नाव निरनिराळ्या क्रमाने लिहिण्याची पद्धत असल्यामुळे ही अडचण येथे विशेष जाणवते. दक्ष कल्याण अधिकारी वर्षातून एकदा प्रत्येक कामगाराची फाइल त्याच्यासमोर उघडतो, त्यातील नावे त्यास मोठ्याने वाचून दाखवितो, आणि गेल्या वर्षभरात लग्न, जन्म किंवा मृत्यू झाला आहे काय हे विचारतो. याला प्रत्येकी दहा मिनिटे पुरतात.

स्त्री कामगारांच्या बाबतीत आणखी काही जबाबदाऱ्या येतात. अपेक्षित बाळंतपणाच्या आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेल्या स्त्रीस पहिल्या दोन अपत्यांच्या वेळी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. ५० कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी लागते व मातेस दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा असते. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या अधिनियमानुसार १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे आवश्यक आहे. समिती कागदोपत्री स्थापन होते, पण तिच्या सदस्यांची नावे कामगार स्त्रियांना ठाऊक नसतात. ती त्यांना ठाऊक करून देणे, हे काम नियमांच्या यादीत स्वतंत्रपणे लिहिलेले नसले तरी ते दुसऱ्या कोणाचे असू शकत नाही.

ठेकेदारामार्फत आलेला कामगार हा येथील एक अवघड प्रश्न आहे. ‘तो आमचा माणूस नव्हे, ठेकेदाराचा’ हे उत्तर पुष्कळदा ऐकू येते. कायद्याची भूमिका तशी नाही. ठेकेदाराच्या कामगारांसाठी कल्याणाच्या सोयी पुरविण्याची जबाबदारी मुख्य मालकावर आहे, आणि ठेकेदाराने वेतन थकविल्यास ते मुख्य मालकाने चुकते करावयाचे आहे. म्हणून ठेकेदाराच्या कामगाराने कल्याण अधिकाऱ्याच्या दारी येऊ नये असे म्हणता येणार नाही.

जे करावयाचे नाही

कल्याण अधिकाऱ्याविषयी लोकांना सर्वांत कमी ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे त्याच्यावर घातलेले बंधन. केंद्र शासनाने राज्यांपुढे ठेवलेल्या नमुना नियमांत, आणि त्यांच्या आधारे केलेल्या राज्यांच्या नियमांतही, असे सांगितले आहे की कल्याण अधिकाऱ्याने कामगारांविरुद्धची शिस्तभंगाची प्रकरणे हाताळू नयेत, तसेच समेट अधिकारी, न्यायालय किंवा न्यायाधिकरण यांच्यापुढे कामगाराच्या विरुद्ध व्यवस्थापनाच्या वतीने उभे राहू नये. त्याचा दर्जा कारखान्यातील इतर विभागप्रमुखांच्या तोडीचा असावा, असेही नियमांत म्हटले आहे.

या बंधनाचे कारण उघड आहे. या अधिकाऱ्याचा पगार व्यवस्थापन देते, त्याची नेमणूक व्यवस्थापन करते, आणि तरी कामगाराने त्याच्यावर विश्वास ठेवावा अशी अपेक्षा आहे. सकाळी ज्याच्यापाशी घरची अडचण सांगून उशीर का झाला हे कबूल केले, त्यानेच दुपारी तीच कबुली आरोपपत्रात लिहून हाती ठेवली, तर पुन्हा त्या खोलीची पायरी कोण चढेल? शिस्त हवीच, चौकशी व्हावयास हवी, दोषी ठरल्यास शिक्षाही झाली पाहिजे. निलंबित कामगारास पहिले ९० दिवस निम्मा निर्वाह भत्ता व चौकशी त्याच्या चुकीमुळे लांबली नसेल तर पुढे ७५ टक्के भत्ता देण्याची तरतूद आहे, तीही पाळली गेली पाहिजे. परंतु हे सर्व करणारा हात निराळा असावा.

व्यवहारात येथेच मोठी गल्लत झालेली दिसते. अनेक लहान-मध्यम कारखान्यांत भरती, पगार, शिस्त, कायदेशीर कामे व कल्याण ही सर्व खाती एकाच ‘एच. आर.’ अधिकाऱ्याकडे असतात. तो गृहस्थ बहुधा वाईट नसतो. त्यास दोन विसंगत भूमिका एकाच वेळी वठविण्यास सांगितलेले असते, इतकेच. एकच माणूस नेमणे भाग असेल तेथे निदान चौकशीचे काम बाहेरच्या व्यक्तीकडे सोपविणे शक्य असते व काही आस्थापने तसे करतातही. जी करीत नाहीत त्यांनी काटकसर केली असे वाटते, पण तिची किंमत कामगारांच्या अबोल्याच्या रूपाने पुढे चुकवावी लागते.

पात्रता

शिक्षकांना व पदवीच्या वर्गातील विद्यार्थ्यांना हा भाग विशेष उपयुक्त वाटेल. कल्याण अधिकाऱ्याच्या पदासाठी सर्वसाधारणपणे तीन गोष्टी मागितल्या जातात : विद्यापीठाची पदवी, समाजकार्य, कामगार कल्याण किंवा तत्सम विषयातील मान्यताप्राप्त पदवी अथवा पदविका, आणि कारखाना ज्या भागात आहे तेथील बहुसंख्य कामगार जी भाषा बोलतात तिचे पुरेसे ज्ञान.

पहिल्या अटीत कला, वाणिज्य किंवा विज्ञान असा भेद केलेला नाही. कला शाखेतील मुलांना कारखान्यात काय काम, असा समज पालकांत आढळतो, तो या पदाच्या बाबतीत निराधार आहे. दुसऱ्या अटीसाठी मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थान आहे, तसेच परळ येथे १९४७ साली बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट म्हणून सुरू झालेली व आता नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव धारण करणारी महाराष्ट्र शासनाची संस्था आहे. पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था व कोल्हापूरची छत्रपती शाहू संस्था येथेही समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. मध्य प्रदेशातील मराठी कुटुंबांना इंदूरचे समाजकार्य विद्यालय व गुजरातेतील कुटुंबांना वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची समाजकार्य विद्याशाखा जवळची आहे. प्रवेश घेण्यापूर्वी आपली पदवी त्या त्या राज्याच्या नियमांत मान्य आहे किंवा नाही, याची खात्री करून घेणे श्रेयस्कर. व्यवसाय व्यवस्थापनाची प्रत्येक पदवी यासाठी चालतेच असे नाही, आणि ही गोष्ट दोन वर्षे व बरीच फी खर्ची पडल्यावर कळणे क्लेशदायक असते.

तिसरी अट सर्वांत साधी दिसते आणि मुलाखतीत तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. उमेदवाराचे इंग्रजी कसे आहे हे पाहिले जाते, कारण मुलाखत घेणारे इंग्रजी बोलतात. कोकणीत किंवा मराठीत रजेचा नियम समजावून सांग, असे त्यास कोणी म्हणत नाही. नियमात ‘बहुसंख्य कामगारांची भाषा’ असे शब्द आहेत. गोव्यातील एकाच कारखान्यात कोकणी, मराठी, कन्नड, हिंदी व ओडिया बोलणारे कामगार असताना बहुसंख्य कोण हे ठरविणेही सोपे नाही. जो अधिकारी कोकणीत बोलतो, मराठीत लिहितो व हिंदीत काम भागवितो, त्याने कन्नड किंवा ओडिया बोलणाऱ्या कामगारांपैकी एखादा विश्वासू माणूस दुभाषा म्हणून जोडून घ्यावा लागतो. तो दुभाषा ठेकेदाराचा मुकादम नसावा, एवढी काळजी घेतली म्हणजे पुष्कळ साधते. अन्यथा जॉबर पुन्हा मागच्या दाराने आत येतो.

नव्या संहितांनंतर

दि. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता अमलात आल्या व कारखाने अधिनियम, १९४८ व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये सामावला गेला. कल्याण अधिकाऱ्याच्या दृष्टीने यातील महत्त्वाचा बदल असा की कारखाना, खाण किंवा मळा येथे २५० किंवा अधिक कामगार असल्यास हा अधिकारी नेमावा लागतो. कारखान्यांसाठी पूर्वीची मर्यादा ५०० होती. जे जुने नियम संहितेशी विसंगत नाहीत ते चालू राहण्याची सोयही संहितेत आहे. उपाहारगृहाची मर्यादा २५० कामगारांवरून १०० वर आली आहे. भरपगारी रजेसाठी वर्षात २४० दिवस काम करावे लागे, आता १८० दिवस पुरतात व दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा मिळते.

कल्याण अधिकारी व सुरक्षा अधिकारी एकच, असा गैरसमज काही ठिकाणी आढळतो. यंत्रांभोवतीचे कठडे, रसायनांची हाताळणी व अपघातप्रतिबंध हे सुरक्षा अधिकाऱ्याचे क्षेत्र असून त्याची पात्रता व त्याच्या नेमणुकीची मर्यादा निराळी आहे.

नव्या संहितेने प्रत्येक कर्मचाऱ्यास नेमणूकपत्र देणे सक्तीचे केले आहे. पूर्वीपासून नोकरीत असून ज्यांना असे पत्र मिळालेले नव्हते, त्यांनाही संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत ते द्यावयाचे होते. गावोगाव असे अनेक कामगार भेटतात की ज्यांनी आठ-दहा वर्षे एकाच फाटकातून ये-जा केली, पण नोकरीचा पुरावा म्हणून त्यांच्यापाशी गेटपासाखेरीज काही नाही. ग्रॅच्युइटीचा हिशेब करताना नोकरीची पहिली तारीख सिद्ध करावी लागते, तेव्हा या पत्राचे महत्त्व ध्यानात येते.

गोव्यातील पुष्कळसे कारखाने २५० कामगारांच्या मर्यादेखालीच आहेत. तेथे कल्याण अधिकारी नेमण्याची सक्ती नाही, परंतु कामगार निराधार आहे असेही नाही. औद्योगिक संबंध संहिता, २०२० अन्वये २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी लागते. तिच्यात मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असतात, एकूण सदस्य दहापेक्षा अधिक नसतात व कामगार स्त्रियांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. तक्रारीचे कारण घडल्यापासून एक वर्षाच्या आत कामगार समितीकडे अर्ज करू शकतो व समितीने ३० दिवसांत आपले काम पूर्ण करावयाचे असते. निर्णय मान्य नसल्यास किंवा मुदतीत निर्णयच न झाल्यास ६० दिवसांच्या आत कामगार संघटनेमार्फत समेट अधिकाऱ्याकडे जाता येते. कामगार आयुक्तांचे कार्यालय पणजीत पाटो येथील श्रमशक्ती भवनात असून कारखाने व बाष्पके निरीक्षणालय आल्तिनो येथे आहे. वेतन, नेमणूकपत्र व तंटे यांसंबंधीच्या बाबी पहिल्याकडे, तर कारखान्यातील सोयी व सुरक्षा यांसंबंधीच्या दुसऱ्याकडे न्याव्यात. अर्ज मराठीत किंवा कोकणीत लिहिलेला असला तरी चालतो. तो दोन प्रतींत करावा, त्यास पगारपावती व गेटपास यांच्या छायाप्रती जोडाव्यात, आणि आपल्याजवळच्या प्रतीवर पोच म्हणून तारखेसह शिक्का उमटवून घेतल्याखेरीज खिडकी सोडू नये.